मानेपाशी थांबलेला मोर

सोमवारपासून सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या चादरीच्या कारखान्यात मोर मानेपाशीच संपू लागले, आणि त्याच दिवसापासून उमाकांत हिरेमठची लांब वाक्यं त्याच्या बायकोपर्यंत पोचेनाशी झाली.

मोरांचं आधी लक्षात आलं, कारण मोर विकायचे असतात. अंबादासशेठच्या कारखान्यात नक्षी आता संगणकावर काढतात. डिझाइनच्या खोलीतून ती वायरीतून मागाकडे जाते आणि माग ती पायापासून वर विणत नेतो. मधली वायर, त्या वायरीच्या पेट्या आणि त्यातून जायचं ते नीट जातं की नाही, हे बघायला उमाकांत. खिशाला टेस्टर, चाळिशी ओलांडलेली, अंगानं किडकिडीत. बोलायचा अगदीच कमी. कारखान्यात सगळे त्याला शांत माणूस म्हणायचे आणि ते कौतुकानंच म्हणायचे. शांत माणसाच्या बायकोला मात्र कुणी काही विचारत नाही.

त्या सोमवारी मागावर डबल बेडची चादर चढली होती. पाय आले, पिसारा आला, पोट आलं, निळी मान वर चढायला लागली आणि तिथून पुढं माग नुसता पांढरा धागा विणत राहिला. रुमाल ठीक येत होते, नॅपकिन ठीक येत होते, कोपऱ्यातली बारकी फुलं तर अगदी पाकळी-पाकळीनं येत होती. मोठं काही आलं की अडत होतं.

"ओ हिरेमठ," अंबादासशेठनी चादर हातात धरून विचारलं, "डोकं कुठाय?"

"वायरीत असंल, शेठ."

"मग काढा की."

रविवारी संगणकात नवं नेटवर्क कार्ड बसवलं होतं. कार्डाबरोबर त्याचा ड्रायव्हर आला होता, म्हणजे कार्डाचं बोलणं संगणकाला आणि संगणकाचं कार्डाला समजावून सांगणारा दुभाषा. हा दुभाषा नवाकोरा आणि उत्साही होता. वायरीतून माल एकेका गठ्ठ्यानं जातो, आणि यानं आल्या आल्या मोठमोठे गठ्ठे बांधायला सुरुवात केली होती. वाटेतल्या जुन्या पेट्यांचा त्यानं विचारच केला नव्हता. उमाकांतला हे दुखणं ठाऊक होतं. गठ्ठ्याचा आकार कमी केला की संपलं, असं त्याला वाटलं, आणि तो निर्धास्त मनानं कँटीनमागच्या कट्ट्यावर फोन लावायला गेला.

गिरिजा दिवाळीपासून माहेरी होती, अक्कलकोटला. भांडून गेली नव्हती. भांडण व्हायला दोघांनी बोलावं लागतं. तिची आई गेली त्या दिवशी उमाकांत दिवसभर कारखान्यात राहिला होता. मशीन बंद पडलंय, असा निरोप त्यानं धाडला आणि पोचला तेव्हा अंगणातली माणसंसुद्धा पांगली होती. गिरिजा भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर उभं राहून तो म्हणाला, "जेवलीस का?" त्यानंतर दोन वर्षं तो तेच विचारत राहिला. जाताना ती म्हणाली होती, "एकदा जे काय बोलायचंय ते बोला. त्या दिवशीचं बोला. मी लगेच येते. पण जेवलीस का विचारायला फोन करू नका." आता तिला धारवाडच्या एका शाळेत नोकरी मिळाली होती आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं ती जाणार होती. धारवाडहून ती परत यायची नाही, हे त्यालाही कळत होतं. एवढं कळायला बोलावं लागत नाही.

म्हणून त्यानं वाक्य जुळवलं होतं. कितीतरी दिवस जुळवत होता. सोमवारी कट्ट्यावर उभं राहून, एक हात खिशात घालून, त्यानं ते न अडखळता म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

"गिरिजा, तुझी आई गेली त्या दिवशी मशीन दुपारीच चालू झालं होतं, पण मी तिथंच बसून राहिलो, कारण तुला रडताना बघायची मला भीती वाटली, आणि तेव्हापासून तुझ्याशी काहीही बोलायची भीती वाटते, पण तुझ्याशिवाय मला घरात पाय टाकवत नाही, म्हणून तू परत ये."

त्यानं फोन कानाशी दाबून धरला.

"हॅलो?" गिरिजा म्हणाली. "हॅलो? आवाज येत नाहीये तुमचा."

"मी बोललो की."

"काय बोललात?"

त्यानं पुन्हा म्हटलं. पहिल्यापासून. गिरिजा पुन्हा हॅलो हॅलो करत राहिली. तिच्याकडं मागं कोंबडा आरवला, तो त्याला स्पष्ट ऐकू आला.

"जेवलीस का?" शेवटी तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. आणि मग, "एवढंच ना?" मग तिनं फोन ठेवला.

त्याच्या धंद्यात यावर एक साधी चाचणी असते. एक गठ्ठा घ्यायचा, त्यावर 'तोडू नये' असा शिक्का मारायचा आणि पाठवायचा. पलीकडून 'पोचला' असं उत्तर आलं की पुढचा थोडा मोठा पाठवायचा. ज्या आकाराला उत्तर थांबतं, तेवढीच ती वाट. खरं तर नुसतं उत्तर थांबणं बरोबर नाही. जिथं गठ्ठा अडतो तिथल्या पेटीनं परत माणूस धाडून सांगायला हवं, की बाबा रे, हे मावत नाही, लहान करून पाठव. तशी रीतच आहे. पण उमाकांतला कुणी काही सांगायला आलं नव्हतं, ना मोराबद्दल, ना वाक्याबद्दल.

मंगळवारी त्यानं मागाकडची चाचणी केली आणि मग तीच गिरिजावर केली.

"हॅलो."

"हं, बोला."

"जेवलीस का?"

"हो."

"तिकडं ऊन आहे?"

"आहे. मार्च लागला की."

"तिकडं ऊन आहे का फार?"

"हॅलो? गेला का आवाज?"

म्हणजे वाट तीन-चार शब्दांचीच होती. तेवढ्या शब्दांत ऊन मावतं, भाजी मावते, दुखऱ्या गुडघ्याची चौकशी मावते. नवरा-बायकोचं बहुतेक सगळं मावतं म्हणायचं. दोन वर्षं त्या दोघांचा संसार याच मापात सुखरूप चालला होता आणि वाट अरुंद आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यानं ड्रायव्हरमध्ये जाऊन आकार कमी केला. वायर सकाळी करंगळीएवढी होती, ती दुपारी निरांजनातल्या वातीएवढी झाली. त्यानं आणखी कमी केला. वायर शिवणाच्या दोऱ्याएवढी झाली. तो जेवढा कमी करी, तेवढी ती हटकून कमी होई. जुना ड्रायव्हर घालून बघितला, कार्ड काढून फुंकर मारून पुन्हा बसवलं, संगणक बंद करून चालू केला. हे शेवटचं त्याच्या धंद्यात सगळ्यात आधी करतात, पण घाबरलेल्या माणसाला क्रम राहत नाही. मोर आता पोटापाशी संपू लागला.

बुधवारी डिझाइनच्या खोलीचं दार अरुंद झालं. उमाकांतला आडवं होऊन आत जावं लागलं आणि तरी शर्टाचं एक बटण चौकटीला अडकून तुटलं. बाकीचे सगळे नेहमीसारखे ये-जा करत होते. अंबादासशेठचं पोट नेहमी त्यांच्या आधी खोलीत येतं, ते पोटही आरामात आलं आणि मागून शेठ आले. शेठ मनात काही ठेवत नसत. आलं की बोलून टाकत, मग ते चांगलं असो की वाईट.

"काय करायलाव हिरेमठ? सुजलाव का?"

"नाही शेठ. दार लहान झालंय."

शेठनी दाराकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "दार हाय तेवढंच हाय," ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी घरी पोचल्यावर स्वतःच्या दारातून त्याला आत जाताच आलं नाही. किल्ली फिरली, कडी निघाली, दार उघडलं आणि तो खांद्यांपाशी अडला. आतून बंद घराचा वास आला. गिरिजानं जाताना दोरीवर वाळत टाकलेलं फडकं अजून तसंच होतं, ते दिसत होतं. घरात पाय टाकवत नाही, असं तो वाक्यात म्हणाला होता, आणि आता ते अक्षरशः तसं झालं होतं. त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. घर समोर उघडं होतं आणि तो त्यात मावत नव्हता. शेवटी जिन्याच्या पायरीवर बसून त्यानं केळी खाल्ली आणि तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले.

गुरुवारी सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी त्यानं ती माणसं नीट बघितली.

ती रोजच असायची. बाहेरच्या भिंतीलगत, कडुलिंबाच्या सावलीत, ओळीनं बसलेली. धोतरवाले, पँटवाले, डोक्याला पंचा गुंडाळलेले. काम मागायला आलेली माणसं असतील म्हणून तो रोज त्यांच्यावरून नजर फिरवून आत जायचा. आज फाटकातलं लहान दारही त्याला अडवत होतं, म्हणून तो थांबला आणि नजर थांबली. गेल्या आठवड्यापेक्षा माणसं पुष्कळ वाढली होती.

"तुम्ही कशासाठी बसलाय?" त्यानं पहिल्याला विचारलं.

"मी मोराचा," तो माणूस म्हणाला. "डोक्याचा गठ्ठा मावत नाही म्हणून सांगायला आलो होतो. सोमवारी. आत सोडलं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी पण मोराचा. मंगळवारचा."

तिसरा जरा अवघडून उठला. "मी तुमच्या वाक्याचा, साहेब. ते कट्ट्यावरून बोललात ते. फार लांब झालं होतं, अक्कलकोटच्या अलीकडंच अडलं. तसं लगेच सांगायला आलो, पण..." त्यानं फाटकाकडं बोट केलं. त्याच्या शेजारचा म्हणाला, की तो त्याच वाक्याच्या दुसऱ्या खेपेचा.

ओळीच्या टोकाला एक म्हातारा होता. पंचा विटलेला, पायाशी कडुलिंबाच्या निंबोळ्या साठलेल्या. त्याला विचारायचं उमाकांतच्या मनात नव्हतं, पण म्हातारा आपणहून बोलला.

"मी त्या दिवशीचा. सासूबाई गेल्या तेव्हाचा."

"त्या दिवशी मी काहीच बोललो नव्हतो."

"बोलला नव्हता. मनात जुळवलं होतं, अंगणात चपला काढताना. तेही मावणार नव्हतं. तेव्हा सांगायला आलो असतो तर तुम्ही लहान करून बोलला असता. साधं होतं, साहेब. पण आत सोडलं नाही."

उमाकांत फाटकापाशी गेला. तिथं स्टुलावर बसप्पा होता, कारखान्याचा वॉचमन, खाकी सदरा आणि गुडघ्यावर काठी. बसप्पा सरळ माणूस. सांगितलेलं ऐकायचा आणि न सांगितलेल्याच्या वाटेला जायचा नाही.

"बसप्पा, या माणसांना आत का सोडत नाहीस?"

"ऑर्डर हाय, साहेब."

"कुणाची?"

"तुमचीच की."

आणि ते खरंच होतं. तीन-चार वर्षांपूर्वी कारखान्याच्या संगणकांत बाहेरून कीड शिरली होती आणि सगळं दोन दिवस ठप्प झालं होतं. तेव्हा उमाकांतनं फाटकावर हुकूम ठेवला: निरोप घेऊन येणाऱ्या कुणालाही आत सोडायचं नाही. नेटवर्कवाल्यांची ही नेहमीची चूक आहे. कीडही बंद होते आणि मावत नाही म्हणून सांगायला येणारेही. मग चार वर्षं सगळं ठीक आहे असं वाटत राहतं, कारण ठीक नाही असं सांगायला कुणी येत नाही. शेठनी त्या वेळी त्याची पाठ थोपटली होती.

"बरं, मग आता मी सांगतो. सोड त्यांना."

"तोंडी नाय चालत, साहेब. तुम्हीच म्हणलाव. कुणी तोंडी सांगितलं, मी जरी सांगितलं, तरी ऐकायचं नाय. हुकूम वायरीतूनच आला पाहिजे."

उमाकांत डिझाइनच्या खोलीत गेला. या वेळी त्याला एक हात डोक्यावर घेऊन, श्वास सोडून जावं लागलं. त्यानं हुकूम मागं घेतल्याचा संदेश लिहिला, सगळ्यात छोट्या शब्दांत. तो वायरीत शिरला आणि फाटकापर्यंत गेलाच नाही. हुकूम मागं घ्यायला जेवढी जागा लागते, तेवढी वायर आता उरली नव्हती. खिडकीतून त्यानं बघितलं, तर कडुलिंबाखाली एक नवा माणूस येऊन बसत होता.

मग राहिला एकच मार्ग. शुक्रवारी त्यानं ड्रायव्हरमधला 'तोडू नये' हा शिक्का काढून टाकला. आता मोठा गठ्ठा वाटेत तोडला गेला असता, तुकड्या-तुकड्यांनी पलीकडं पोचला असता आणि तिथं पुन्हा जोडला गेला असता. यात एक धोका असतो. एक तुकडा जरी राहिला, तरी पलीकडचा बाकीचे तुकडे घेऊन ठरावीक वेळ वाट बघतो आणि वेळ संपली की सगळेच टाकून देतो.

माग चालू झाला. पाय आले, पिसारा आला, पोट आलं, मान आली. मग माग थांबून वाट बघत राहिला. कामगारही हात बांधून उभे राहिले. डोक्याचा तुकडा शेवटी ठेवला होता, तो काही आला नाही. भोंगा झाला तेव्हा मागानं एक उसासा सोडला आणि उरलेल्या चादरीभर पांढरा धागा विणून टाकला.

अंबादासशेठनी ती चादर दोन्ही हातांनी पसरून धरली. आठवडाभराच्या त्राग्यानंतर त्यांचा चेहरा एकाएकी सैल झाला. "हिरेमठ, व्यापाऱ्याला सोमवारचा असाच मोर दाखवला हो. त्याला आवडला. म्हणतो, बिनडोक्याचा मोर शांत वाटतो घरात. असाच ऱ्हाऊ दे." आणि त्यांनी तीच चादर त्याच्या हातात दिली. "घ्या. वहिनींना द्या. आल्या का त्या?"

"नाही अजून."

कट्ट्यावर जाऊन त्यानं गिरिजाला फोन लावला आणि वाक्य तोडून पाठवायला लागला.

"मशीन बंद नव्हतं."

"कुठलं मशीन?"

"त्या दिवशीचं."

"कुठल्या दिवशीचं? काय बोलताय तुम्ही?"

"मी घाबरलो."

"घाबरलात? का? बरं आहे ना तुमचं? छातीत दुखतंय का?"

"नाही. भीती वाटते."

"डॉक्टरला दाखवा हो. ऐका माझं, आजच दाखवा." तिचा आवाज मऊ झाला होता. दोन वर्षांत तो आवाज त्यानं ऐकला नव्हता आणि त्याचे डोळे भरून आले, पण तुकडे जुळत नव्हते. ती वेगळाच माणूस जुळवत होती, छातीत दुखणारा. 'परत ये' हा तुकडा त्यानं शेवटी ठेवला होता. महत्त्वाचं शेवटी सांगायचं, ही त्याची जन्माची सवय. तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला आणि फोन कटला. पुन्हा लावला तर फक्त 'हॅलो' गेला, आणि त्यानंतर तोही गेला नाही.

शनिवारी सकाळी तो चादर काखेत मारून एसटी स्टँडवर गेला. आता स्वतःच जायचं, समोर उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. गिरिजाची धारवाडची गाडी दहाच्या सुमाराला होती. अक्कलकोटची गाडी फलाटाला लागली होती. माणसं चढत होती, एक बाई कोंबडीसकट चढली, एकानं तर सायकलची दोन चाकं आत घेतली. उमाकांतनं पायरीवर पाय ठेवला आणि तो तिथंच अडला.

कंडक्टरनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "एवढे नाही मावायचे, साहेब. तुकड्यांनी जावं लागंल."

"चालेल."

"पहिल्यांदा काय धाडायचं?"

उमाकांतनं विचार केला. पाय आधी, म्हणजे वाट चालता येईल. मग हात, चादर घेऊन. मग पोट आणि छाती. डोकं शेवटी, कारण सांगायचं सगळं तिथंच होतं.

"तोंड आधी धाडलं तर बरं पडंल," कंडक्टर म्हणाला. "लोक तसंच करतात."

"नाही. ते शेवटी."

कंडक्टरनं खांदे उडवले, खडूनं प्रत्येक तुकड्यावर खूण केली आणि बेल मारली. पाय पहिल्या गाडीनं गेले. हात दुसरीनं गेले. छाती जाताना त्याला जरा हलकं वाटलं आणि मग फार रिकामं वाटलं. शेवटच्या गाडीत डोकं खिडकीशी ठेवलेलं होतं. बाहेर तुरीची खुंटं उभी असलेली रानं मागं जात होती. शेजारची बाई म्हणाली, "पाव्हणं, ऊन लागतंय का? पडदा ओढू?" आणि त्यानं नको म्हटलं. तेवढं गेलं.

वाटेत तो पूर्ण वाक्य मनात म्हणत राहिला. एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही.

अक्कलकोटच्या स्टँडवरून एका हमालानं खडूची खूण बघून डोकं घरापाशी आणून ठेवलं. गिरिजाच्या माहेरचं घर गल्लीच्या टोकाला आहे. पुढं अंगण, भोवती कमरेएवढी भिंत, मधे लोखंडी फाटक. फाटकाशी स्टुलावर बसप्पा बसला होता. खाकी सदरा, गुडघ्यावर काठी.

"तू इथं कसा, बसप्पा?"

"आज इथं ड्यूटी लागली, साहेब."

"माझे पाय आले का?"

"आले की. मघाशी गेले आत. हात बी गेले. छाती गेली."

"मग मला सोड."

बसप्पानं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या नजरेत वाईटपणा नव्हता. उलट त्याला कसंसंच वाटत होतं. "साहेब, ते सगळे रिकामे होते. तुम्ही निरोप घेऊन आलाव. निरोपवाल्याला आत सोडायचं नाय."

"माझीच ऑर्डर आहे ती."

"म्हणून तर."

मग त्यानं उमाकांतला दोन्ही हातांनी जपून उचललं आणि भिंतीलगत, सावलीत नेऊन ठेवलं. तिथं माणसं ओळीनं बसलेली होती. मोराची सोलापुरातच राहिली असावीत. इथं सगळी वाक्याची होती. टोकाला तो म्हातारा होता, विटक्या पंचाचा.

फाटकाच्या गजांतून अंगण दिसत होतं. ओसरीवर गिरिजाची बॅग भरून ठेवलेली होती आणि बॅगेवर पाण्याची बाटली. गिरिजा प्रवासाच्या साडीत होती. तिनं खाटेवर त्याचे पाय सरळ ठेवले, त्यावर पोट आणि छाती नीट जुळवली, हात दोन्ही बाजूंना ठेवले. ती घाई करत नव्हती. शर्टाचं तुटलेलं बटण तिच्या लक्षात आलं, ती आत गेली, सुई-दोरा आणून तिनं ते लावलं आणि दोरा दातानं तोडला. मग ती फाटकापर्यंत येऊन गल्लीत दूरवर बघून गेली. खाली भिंतीकडं तिची नजर गेली नाही. काम मागायला आलेल्या माणसांकडं कोण बघतं?

हातांनी आणलेली चादर तिनं उलगडली आणि त्याच्या अंगावर पसरली. मोराचे पाय त्याच्या पायांवर आले, पिसारा पोटावर, आणि निळी मान जिथं संपत होती तिथंच तोही संपत होता. गिरिजा त्या जागेकडं बघत राहिली. मग मनगट वळवून तिनं घड्याळ बघितलं, बॅग उचलून मांडीवर घेतली आणि खाटेच्या कडेवर बसली.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

भिंतीपाशी उमाकांतनं तोंड उघडलं आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. शेजारी बसलेली माणसं जराजरा सरकली आणि त्यांनी आणखी एकापुरती जागा केली.